ट्रकचं इंजिन घाटातच का तापतं? आणि पाणी ओतून ते बरं का होत नाही?

न्हावा-शेवाच्या बंदरातून माल भरून निघालेला ट्रक पनवेल, खालापूर मागे टाकत खोपोलीपर्यंत येतो, तोवर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. बोरघाटाचा चढ लागला की काही वळणांतच काटा वर सरकू लागतो. चालक एसी बंद करतो, वेग कमी करतो, आणि शेवटी गाडी कडेला घेतो. केबिन पुढे झुकवली की खालून वाफ येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोरघाटात जी कोंडी होते, तिच्यात अशा तापून बंद पडलेल्या वाहनांचा वाटा मोठा असतो.

रायगडच्या किनारपट्टीवरच्या ट्रकवाल्यांना हे नवीन नाही. बंदरं आणि कारखाने समुद्रसपाटीला आहेत, आणि देशावर जायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. खोपोलीहून बोरघाट, माणगावहून ताम्हिणी, पोलादपूरहून आंबेनळी. दक्षिणेला जायचं तरी कशेडीचा डोंगर आडवा येतो. त्यामुळे सपाटीवर वर्षभर लपून राहिलेला दोष घाटात अर्ध्या तासात उघडा पडतो.

अशा वेळी बहुतेकदा एकच उपाय होतो. इंजिन थंड होऊ द्यायचं, पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं. गाडी चालते, म्हणून दोष दूर झाला असं वाटतं. पण इंजिन तापणं हे तापासारखं लक्षण आहे. ताप कशामुळे आला हे शोधलं नाही, तर पुढच्या खेपेला तो जास्त येतो. काही वेळा त्याची किंमत हेड, पिस्टन किंवा अख्ख्या इंजिनाएवढी होते. ज्याच्या एकाच ट्रकवर कर्जाचा हप्ता आणि घर दोन्ही चालतात, त्याचं महिन्याभराचं गणित त्यात कोलमडतं.

चांगली गोष्ट अशी की कारण शोधण्याची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते: इंजिन नेमकं कधी तापतं?

इंजिनात इतकी उष्णता येते कुठून?

डिझेल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आतल्या वायूंचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास जातं. ट्रकचं चांगलं इंजिनही डिझेलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम ४० टक्के ऊर्जा चाकांकडे पाठवू शकतं. उरलेली उष्णता असते. तिचा मोठा भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि साधारण पाव भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला, म्हणजे कूलंटला, वाहून न्यावा लागतो.

हा पाव भाग किती मोठा असतो, ते बोरघाटाच्या हिशेबाने पाहता येतं. तीन अॅक्सलच्या दहा चाकी ट्रकला २०१८ पासून मालासकट २८.५ टन वजनाची परवानगी आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ उंचीने जवळपास ५०० मीटर भरतो. एवढं वजन नुसतं एवढ्या उंचीवर उचलायला सुमारे १४० मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली ४० टक्केच कामी येते. म्हणजे नुसत्या चढासाठी जवळपास १० लिटर डिझेल जळतं. त्याच्या उष्णतेचा पाव भाग कूलंटमध्ये येतो, आणि घाट अर्ध्या तासात चढायचा असेल तर तो दर सेकंदाला बाहेर टाकण्याचं काम ४८ किलोवॉटच्या आसपास जातं.

घरातला गीझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे असे चोवीस गीझर एकदम चालू असताना जेवढी उष्णता तयार होईल, तेवढी उष्णता ट्रकच्या पुढच्या एका जाळीतून सतत बाहेर पडायला हवी. तीही ट्रक ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने रांगत असताना, म्हणजे समोरून वारा जवळपास नसताना.

उन्हाळा यात भर घालतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. हवा ३८ अंशांवर गेली की फरक ५७ चा राहतो, म्हणजे रेडिएटरची ताकद जवळपास एक पंचमांशाने घटते. जानेवारीत ज्या अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरने काम निभावलं, तोच मे महिन्यात कमी पडतो.

थंड ठेवण्याची यंत्रणा कशी चालते?

वॉटर पंप कूलंटला इंजिनातल्या पोकळ्यांमधून फिरवतो. तिथे तापलेलं कूलंट वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि त्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांची जाळी. पंखा तिच्यातून हवा ओढतो, कूलंट निवतं आणि खालच्या होज पाइपने परत इंजिनात जातं.

या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक दरवाजा असतो. त्यात मेणाची छोटी डबी असते. इंजिन गार असताना दरवाजा बंद असतो आणि कूलंट बायपासच्या आखूड वाटेने इंजिनातच फिरतं. तापमान साधारण ८० अंशांच्या वर गेलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते.

शेवटचा भाग दिसायला सगळ्यात किरकोळ आहे: रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण. ते आतला दाब धरून ठेवतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण हवेच्या दाबापेक्षा एक बार जास्त दाबाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं, तर बाकी सगळं ठीक असूनही कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं.

समुद्राकाठी वेगळं काय घडतं?

कोकणातल्या दमट हवेने माणूस हैराण होतो, म्हणून इंजिनही दमटपणाने तापत असेल असा समज आहे. पण रेडिएटरला घाम येत नाही. हवा दमट आहे की कोरडी, याचा त्याच्या कामावर फारसा परिणाम होत नाही. किनाऱ्यावरचा खरा शत्रू आहे मीठ, आणि ते दोन वाटांनी येतं.

पहिली वाट बाहेरून. खाडीकाठच्या आणि बंदरातल्या हवेतलं मीठ रेडिएटरच्या पत्र्यांवर बसतं आणि ओल धरून ठेवतं. हल्लीचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात. खारट ओलीमुळे त्यांचे पातळ पत्रे पांढऱ्या भुकटीसारखे होऊन झडू लागतात. नळी गळत नाही, म्हणून लक्ष जात नाही. पण पत्रा नळीपासून सुटला की उष्णता हवेत जायची वाटच तुटते.

दुसरी वाट आतून, आणि ती माणूस स्वतः उघडतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात गोड्या पाण्याची वानवा किती जुनी आहे, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरी आणि बोअरवेल मचूळ असतात. असं पाणी घाईघाईत रेडिएटरमध्ये गेलं की त्यातले क्लोराइड धातू खातात आणि क्षार गरम भागांवर बसतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जसा पांढरा पापुद्रा धरतो, तसाच तो सिलिंडरभोवती आणि रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. हा पापुद्रा उष्णता अडवतो. मग इंजिन आणखी तापतं, पुन्हा तेच पाणी ओतलं जातं आणि थर वाढत जातो.

कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

कूलंटची ओळख थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून घालायचं औषध अशी झाली. त्यामुळे ते आपल्याकडे चैनीचं वाटतं. प्रत्यक्षात त्याची खरी गरज गरम देशातल्या जड इंजिनालाच जास्त आहे. त्यातल्या ग्लायकॉलमुळे मिश्रण उशिरा उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी असलेलं मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकणाचा दाब धरला तर त्याहून बरंच वर.

त्याहून मोठं काम त्यातल्या गंजरोधक द्रव्यांचं असतं. अनेक ट्रकच्या इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट कूलंटमध्ये उभे असतात. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर सूक्ष्म थरथरतो. त्याने बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. हे बुडबुडे फुटताना धातूवर सुईसारखे घाव घालतात. कूलंटमधली द्रव्यं लायनरवर संरक्षक थर धरून ठेवतात. नुसत्या पाण्यात तो थर नसतो, आणि काही काळाने लायनरला आरपार छिद्र पडून पाणी ऑइलमध्ये उतरतं. पागोळीचं पाणी क्षारमुक्त असलं तरी हे काम ते करू शकत नाही.

मात्र जास्त दाट कूलंट म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. ग्लायकॉलपेक्षा पाणी जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावं. तयार मिश्रणात पाणी घालायचं नसतं, तर दाट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिसळावं लागतं. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्या आपापल्या पद्धतीने देतात. रंग जुळला म्हणजे जात जुळली असं होत नाही. चुकीची जोडी झाली तर गाळ तयार होऊ शकतो.

इंजिन कधी तापतं, यावरून काय कळतं?

गॅरेजमध्ये गेल्यावर "गाडी गरम होते" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यासारखं आहे. वेळ सांगितली तर शोध निम्म्यावर येतो.

*फक्त चढावर, भरलेल्या गाडीत:* यंत्रणा चालू आहे, पण तिची ताकद कमी पडते आहे. रेडिएटर आतून किंवा बाहेरून अर्धवट चोंदलेला असतो, पंख्याचा क्लच घसरत असतो किंवा पंपाची पाती झिजलेली असतात. एअर फिल्टर चोंदणं, ब्रेक चिकटून राहणं आणि जादा माल हीही कारणं याच गटातली. चालवण्याची पद्धतही तपासावी. वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून चढवलं तर भार पूर्ण असतो, पण फेरे कमी असल्याने पंप आणि पंखा दोन्ही मंद फिरतात. एक गिअर खाली टाकला की अनेकदा काटा उतरतो.

*बंदराच्या रांगेत, गाडी उभी असताना:* समोरून वारा नाही, म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर. पट्टा सैल आहे का आणि पंख्याचा क्लच पकडतो का, हे आधी पाहावं. आता नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. अनेक गाड्यांत एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते. त्यामुळे साफ करायच्या जाळ्यांमध्ये आणखी एकीची भर पडली आहे.

*सपाट रस्त्यावर, वेगात:* वारा भरपूर असूनही तापत असेल तर कूलंटचा प्रवाह अडतो आहे. नळ्या आतून बंद झाल्या असतील, किंवा खालचा होज पाइप मऊ होऊन पंपाच्या ओढीने चपटा होत असेल.

*सुरू केल्यावर काही मिनिटांत:* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, कूलंट फारच कमी असेल किंवा भरताना हवा अडकली असेल.

*रोज पाणी कमी होतं, पण थेंब दिसत नाही:* हेड गॅस्केट, लायनर किंवा बीएस-६ गाड्यांमधला ईजीआर कूलर यांच्यातून ते आत जात असण्याची शक्यता मोठी. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहणं किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, या त्याच्या खुणा. असं ऑइल दिसलं तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

*काटा वर, पण इंजिन गरम वाटत नाही:* सेन्सर, त्याची वायर किंवा खाऱ्या हवेने हिरवा पडलेला जोड. लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मिनिटभरात खात्री होते.

उलट घडलं तर सावध व्हावं. चढावर वर गेलेला काटा अचानक खाली पडला, तर इंजिन निवलं असं समजू नये. कूलंट इतकं उतरलं असेल की सेन्सर कोरडा पडला, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

घाटात काटा चढू लागला तर काय करावं?

लगेच एक गिअर खाली टाकून ॲक्सिलरेटर हलका करावा आणि एसी बंद करावा. केबिनला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. चालकाला त्रास होईल, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. नव्या गाड्यांत इंजिन तापलं की त्याची ताकद आपोआप कमी केली जाते. तेव्हा जोर करून ॲक्सिलरेटर दाबू नये.

काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबावं, चाकांना उटी लावावी आणि मागे त्रिकोण ठेवावा. वाफ येत नसेल आणि ऑइलचा दाब ठीक असेल, तर इंजिन काही मिनिटं बिनभाराचं चालू ठेवावं, म्हणजे पंप आणि पंखा उष्णता काढत राहतील. वाफ येत असेल, कूलंट सांडलं असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन तात्काळ बंद करावं.

यानंतरची चूक सगळ्यात महागात पडते: झाकण उघडणं. आत १०० अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच त्यातलं बरंचसं क्षणात वाफ बनून तोंडावर आणि हातावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार आणि नरम लागेपर्यंत थांबावं. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मग जाड फडकं धरून, तोंड बाजूला ठेवून, पहिल्या खाचेपर्यंतच झाकण फिरवावं आणि दाब जाऊ द्यावा. भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडावं. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये आणि दवाखाना गाठावा.

तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच धोक्याचं. तापलेल्या ओतीव लोखंडाला किंवा अॅल्युमिनियमला असा झटका बसला की हेडला तडा जाऊ शकतो. पाणी घालायचंच तर इंजिन निवल्यावर, पिण्याजोगं आणि थोडं थोडं घालावं. मुक्कामी पोचल्यावर ते काढून योग्य कूलंट भरावं.

घाट उतरताना इंजिन निवावं म्हणून ते बंद करून गाडी सोडणं हा तर जिवाशी खेळ आहे. इंजिन थांबलं की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही थांबतात, आणि इंजिनाचा रोधही जातो. त्यापेक्षा थांबून मदत मागवावी. आणीबाणीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हे क्रमांक आहेत.

गॅरेजमध्ये कोणत्या क्रमाने तपासावं?

नियम सोपा आहे: स्वस्त आणि बाहेरून दिसणारं आधी, महाग आणि खोलावं लागणारं शेवटी.

१. गार इंजिनात कूलंटची पातळी आणि रंग पाहावा. तांबूस म्हणजे गंज, वर तेलकट तवंग म्हणजे ऑइल मिसळल्याची शंका.

२. जाळ्या उजेडात धराव्यात. टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो, आणि दोघांच्या फटीत पेंढा, चिखल, कोळशाची धूळ आणि किडे यांचा नमदा बसतो. समोरून सगळं स्वच्छ दिसतं. पाणी कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर मारावं. प्रेशर गनने पत्रे आडवे पडतात आणि वाट कायमची बंद होते.

३. पट्टा, त्याचा ताण, आणि पंख्याचा क्लच. इंजिन पूर्ण तापल्यावर पंख्याचा घोंघाट वाढला नाही तर क्लच पकडत नाही.

४. झाकण दाब मोजायच्या उपकरणावर तपासावं. इंजिन गरम असतानाही वरचा होज पाइप दाबल्यावर नरम लागत असेल तर दाब टिकत नाही. सकाळी तोच पाइप चपटा दिसत असेल तर झाकणातला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अडकला आहे.

५. पूर्ण यंत्रणेत पंपाने दाब भरून पंधरा मिनिटं थांबावं. काटा उतरला तर गळती आहे. वॉटर पंपाच्या खाली असलेलं छोटं छिद्रही पाहावं. तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं.

६. रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवावा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वरच्या आणि खालच्या पाइपच्या तापमानातही माहिती असते. फरक खूपच मोठा असेल तर प्रवाह कमी आहे. वरचा कडक गरम आणि खालचाही जवळपास तितकाच गरम असेल तर कूलंट फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाही.

७. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवावा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे.

८. एवढं झाल्यावरच हेड गॅस्केटकडे वळावं. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येणं ही त्याची ठळक खूण मानली जाते.

इथे ट्रकपुरती एक महत्त्वाची गोष्ट आहे. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर अनेक ट्रकमध्ये याच कूलंटने गार होतो. त्याचं गॅस्केट गेलं किंवा डोक्याला तडा गेला, तर ब्रेकची हवा कूलंटमध्ये घुसते आणि टाकीत तसेच बुडबुडे येतात. हेड खोललं जातं, नवं गॅस्केट बसतं, आणि गाडी पुन्हा तापते. म्हणून हेड खोलण्याआधी कॉम्प्रेसरच्या कूलंटच्या नळ्या तेवढ्यापुरत्या वेगळ्या करून थोडा वेळ इंजिन चालवून पाहावं. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरमध्ये आहे. या चाचणीत कॉम्प्रेसर कूलंटविना चालतो, म्हणून ती काही मिनिटांतच आटोपावी.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर?

"इकडे थंडी कुठे आहे, काढून टाका" हा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम परत येतो आणि चढावर इंजिन आधीपेक्षा जास्त तापतं. रिकाम्या गाडीत, पावसात नेमकं उलट होतं. इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त जळतं, झीज वाढते, आणि बीएस-६ गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर नीट साफ होत नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं हाही असाच जुगाड. हळद फुगून भोक बुजवते हे खरं, पण भोक कोणतं आणि नळी कोणती हे तिला कळत नाही. एक गळती थांबते आणि दहा नळ्या अरुंद होतात.

दुरुस्ती झाली, आता पुढे?

जुना गाळ असेल तर यंत्रणा शुद्ध पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन मगच नवं कूलंट भरावं. पापुद्रा धरला असेल तर कंपनीने सांगितलेलंच साफ करणारं द्रव्य वापरावं. ॲसिड अॅल्युमिनियमलाही खातं. भरताना हवा काढायचे स्क्रू उघडे ठेवावेत आणि सावकाश भरावं. इंजिन तापवून, पुन्हा निववून पातळी पाहावी. एकदा जोरात तापलेल्या इंजिनाचं हेड खोललंच असेल, तर नवं गॅस्केट बसवण्याआधी हेडची पातळी सरळपट्टीने मोजून घ्यावी. हेड वाकलं असेल तर नवं गॅस्केट टिकत नाही.

रायगडच्या ट्रकसाठी वर्षाचे तीन मुहूर्त पुरतात. फेब्रुवारी संपताना, उन्हाळा लागायच्या आत, झाकण, पट्टा, पंखा आणि कूलंटची ताकद तपासावी. ही ताकद मोजायचं छोटं उपकरण गॅरेजमध्ये असतं. पावसाळा संपल्यावर जाळ्यांमधला चिखल आणि सुक्या पेंढ्याचा कचरा काढावा. आणि बंदर-खाडीच्या खेपा करणाऱ्या गाडीच्या जाळ्या एरवीही दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवाव्यात.

केबिनमध्ये पाच लिटर तयार कूलंटचा कॅन, एक जादा पट्टा आणि एक छोटी वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती कूलंट घातलं, काटा कुठे चढला, गाडीत माल किती होता, एवढंच वहीत लिहायचं. महिन्याभरात तीनदा अर्धा-अर्धा लिटर घालावं लागलं असेल, तर ते घाट चढायच्या आधी, खोपोलीच्या अलीकडेच कळतं.